हॉलमधल्या टीव्हीला जुना सीपीयू जोडायचाय : कोडी, प्लेक्स की जेलीफिन?

होटगीरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

ऑफिसात जुने संगणक काढून टाकले, त्यातला एक मी घरी उचलून आणला. आय-फाइव्ह, चौथी पिढी, ८ जीबी रॅम. त्यात २४० जीबीची एसएसडी टाकली आणि ४ टीबीची हार्डडिस्क. हॉलमध्ये ४३ इंची ४के टीव्ही आहे, त्याला हा सीपीयू कायमचा जोडून ठेवायचा विचार आहे.

हार्डडिस्कवर काय आहे? माझे सिनेमे, आमच्या अण्णांचं (वडील, वय ७६) नाट्यसंगीत आणि कीर्तनं, दूरदर्शनवरून कधीकाळी कॅसेटवर उतरवलेली नाटकं, आणि मुलाच्या बारशापासूनचे सगळे व्हिडिओ. हे सगळं फोल्डरांत कोंबलेलं आहे. एका फोल्डरचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन नवीन'.

अण्णांना रिमोट सोडून काहीही चालत नाही. माउस दिसला की ते खोलीतून उठून जातात. बायकोने सांगितलंय, गड्ड्याच्या यात्रेपर्यंत (आमची सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) हे नीट चाललं नाही तर खोका भंगारात.

तर सॉफ्टवेअर कोणतं टाकू? तीन नावं ऐकून आहे. अनुभव सांगा.

---

हुतात्मा_स्लीपर

पेनड्राइव्हवर घ्या, टीव्हीच्या मागे खोचा, बघा. धागा संपला.

---

तंतूवाद्य

हुतात्माभाऊ, ४ टीबीचा पेनड्राइव्ह कुठल्या पेठेत मिळतो तेही सांगा.

धागाकर्ते, आधी एक गल्लत दूर करू, कारण ही तिन्ही नावं एका रांगेत उभी करणं हेच चुकतं. कोडी हा मुळात प्लेअर आहे. ज्या यंत्राला टीव्ही जोडलाय त्याच यंत्रावर तो चालतो, तिथलीच हार्डडिस्क वाचतो, पोस्टर आणि माहिती नेटवरून आणून लावतो आणि फाइल वाजवतो. प्लेक्स आणि जेलीफिन हे सर्व्हर. ते एका कोपऱ्यात बसतात आणि घरातल्या टीव्हीला, मोबाइलला, टॅबला मागेल तसं वाढतात. समोरच्या उपकरणाला फाइल झेपत नसेल तर वाढता वाढता ती बदलूनही देतात, म्हणजे ट्रान्सकोडिंग.

तुमच्याकडे एक टीव्ही, त्यालाच जोडलेला एक सीपीयू. मग मध्ये वाढपी कशाला? पातेलं समोरच आहे. कोडी टाका.

आणि विंडोजवर नको. लिबरइलेक टाका. बटण दाबलं की सरळ कोडी उघडतो, ना डेस्कटॉप ना अपडेटची खिडकी. २०१६ मध्ये ओपनइलेकमधून फुटून निघालेली ही मंडळी, आणि त्यांचा एकच धंदा : कोडीपुरती लिनक्स. शिवाय मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती उघडते, त्यामुळे आपल्याकडे वीज गेली-आली तरी ती सहसा बिघडत नाही.

---

बाळीवेस_बाबूराव

कशाला एवढं डोकं लावलालाव मालक. आमच्या घरात दोन रिमोट हायत, एक बायकोकडं, एक पोराकडं. आमी शेंगा खात बसतो.

---

जुनाट

'कोडी' नाव ऐकलं की मला अजून परकं वाटतं. आमच्या वेळी ते एक्सबीएमसी होतं, म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर. पहिल्या एक्सबॉक्सवर, ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ६४ एमबी रॅम एवढ्या भांडवलावर ते चालायचं. २००२-०३ च्या सुमाराची गोष्ट. २०१४ मध्ये नाव बदलून कोडी झालं. बरं, ज्या प्लेक्सशी त्याची तुलना चाललीय, तेही याच घरातून वेगळं झालेलं. २००८ च्या आसपास मॅकसाठी कोणीतरी एक्सबीएमसीची फांदी तोडली, त्याचं पुढे प्लेक्स झालं. आणि जेलीफिन हे एम्बी नावाच्या अशाच दुसऱ्या सर्व्हरचं. एम्बीने २०१८ मध्ये आपला कोड बंद दाराआड नेला, तेव्हा काही लोक जुना कोड उचलून बाहेर पडले.

थोडक्यात, सगळी भावकी आहे. बांधावरून भांडण असणारच.

मी स्वतः विंडोज मीडिया सेंटरवाला. हिरव्या बटणाचा तो रिमोट अजून कपाटात आहे. विंडोज १० मध्ये त्यांनी ते काढून टाकलं, तेव्हा घरात दोन दिवस सुतक होतं.

---

शेंगाचटणी

मी प्लेक्सवाली. तंतूवाद्य म्हणतात ते एका टीव्हीपुरतं बरोबर आहे, पण घर कायम एका टीव्हीचं राहतं का? आमची लेक पुण्याला शिकायला गेली. घरचे व्हिडिओ, आजीच्या आवाजातल्या ओव्या, सगळं ती तिथून मोबाइलवर बघते-ऐकते. मी फक्त एकदा खातं उघडून दिलं. प्लेक्सचं दिसणंही नीटनेटकं आहे, सासूबाईंनाही जमलं.

---

तंतूवाद्य

शेंगाचटणीताई, दिसण्याबद्दल वाद नाही. पण आता बाहेरगावाहून स्वतःचेच व्हिडिओ बघायला पैसे लागतात. २०२५ च्या एप्रिलअखेरीस त्यांनी ते केलं, आणि त्याच वेळी प्लेक्सचा आजन्म पास, म्हणजे एकदाच पैसे भरून कायमच्या जास्तीच्या सोयी, १२० डॉलरवरून २५० वर नेला. ग्राफिक्स चिपवरचं ट्रान्सकोडिंग तर आधीपासूनच पासवाल्यांना. जेलीफिनमध्ये हे सगळं फुकट.

---

शेंगाचटणी

मी पास आधीच घेऊन ठेवला होता. 😌

---

फायबरग्रस्त

जेलीफिन फुकट आहे, पण बाहेरून घरात शिरणार कसं? आपल्या गल्लीबोळातले फायबरवाले बहुतेक वेळा स्वतंत्र आयपी देत नाहीत, शंभर घरांना एका दारातून बाहेर काढतात. राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही. मी आठवडाभर राउटरवर चिडत होतो, मग कळलं की दार माझं नव्हतंच. शेवटी टेलस्केल टाकलं, आपली यंत्रं कुठेही असली तरी नेटवरून एकमेकांना थेट जोडणारं सॉफ्टवेअर. घरच्या सीपीयूवर एकदा, मोबाइलवर एकदा, दोन्ही एकाच खात्याने. आता अक्कलकोट रोडच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत घरचं जेलीफिन चालतं.

---

हुतात्मा_स्लीपर

जेवणाच्या सुट्टीत जेवा हो.

---

पूर्वभाग_पद्मा

आमच्याकडचा प्रश्न वेगळा होता, कदाचित कोणाला उपयोगी पडेल. घरात आई-बाबा तेलुगू, मुलं मराठी-हिंदी. एकाच सिनेमाच्या फाइलमध्ये दोन-तीन भाषांचे आवाज असतात आणि दर वेळी चुकीचाच पहिला लागतो. कोडीमध्ये पसंतीची ऑडिओ भाषा ठरवून ठेवता येते, पण ती साधारणपणे सगळ्या घराला एकच. जेलीफिनमध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं, त्यामुळे आईच्या खात्यात तेलुगू, माझ्या खात्यात हिंदी. कोण कुठवर पाहून थांबलं तेही ज्याचं त्याला राहतं. पूर्वी मी रात्री अर्धा बघितलेला सिनेमा सकाळी बाबांच्या हातून संपलेला असायचा.

---

लोखंडीपत्रा

सॉफ्टवेअर होईल हो, यंत्र काय खातं ते बघा आधी. व्हिडिओ दाबून लहान करायच्या दोन पद्धती, जुनी एच.२६४ आणि नवी एच.२६५. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४ उलगडायचं हार्डवेअर आहे, एच.२६५ साठी नाही. १०८०पी असेल तर प्रोसेसर दात-ओठ खाऊन ओढून नेईल, ४के १०-बिट आलं की अडकत अडकत चालणार. ते सातव्या पिढीपासून नीट जमतं. शिवाय त्या पिढीचं एचडीएमआय १.४ आहे, ४के लावलं तर सेकंदाला ३० च फ्रेम. मुकाट १०८०पीवर ठेवा. ४३ इंचांत दहा फुटांवरून अण्णांना फरक कळला तर मी नव्या पेठेत सत्कार करीन त्यांचा.

दुसरं विजेचं. असा जुना डबा नुसता बसून ४० वॉट घेतो असं धरा. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला जवळजवळ २९ युनिट. आजकाल इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरचे छोटे डबे मिळतात, ते १० वॉटच्या आसपास भागवतात, म्हणजे ७ युनिट. एच.२६५ आणि त्याहून नवी एव्ही१ पद्धत, दोन्ही उलगडतात. नवीन घेणाऱ्याने तेच घ्यावं. फुकट मिळालेल्याला अर्थात दात मोजू नयेत.

---

होटगीरोडकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. रविवारी बसून लिबरइलेक टाकलं. पंधरा मिनिटांत कोडी उघडला, अण्णा म्हणाले, "झालं? एवढंच?" लॅपटॉपवरून नेटवर्कमध्ये हार्डडिस्क आपोआप दिसली, तेही आवडलं.

आता दोन अडचणी. एक, सिनेमांना पोस्टर आले, पण नाटकांना भलतंच. एका संगीत नाटकाला त्याने कुठल्यातरी कोरियन मारधाडपटाचं पोस्टर लावलंय. कीर्तनं तर यादीत दिसतच नाहीत.

दोन, अर्धा-पाऊण तास नीट चालतं, मग चित्र अडखळतं. सिनेमा कुठलाही असो. थांबवून पुन्हा लावलं तरी तेच. सकाळी मात्र ठीक. एच.२६५ चं म्हणावं, तर साध्या एच.२६४ लाही होतंय.

---

तंतूवाद्य

नाटकांचं सोपं आहे. नेटवरची ती माहितीसूची सिनेमा आणि मालिकांची, आपली नाटकं तिच्यात बहुधा नाहीतच. मग कोडी नावाशी जुळणारं जे सापडेल ते चिकटवतो. नाटक-कीर्तनांचं फोल्डर वेगळं काढा आणि त्याला 'लोकल इन्फर्मेशन ओन्ली' द्या, म्हणजे तो नेटवर जाणारच नाही. प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची एनएफओ फाइल ठेवा, साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात नाव, साल, कलाकार लिहा. शेजारी पोस्टर म्हणून अण्णांच्या कॅसेटच्या कव्हरचा फोटो टाका. शंभरेक असतील तर दोन शनिवार जातील, पण एकदाच.

सिनेमांना मात्र 'नाव (साल)' असं काटेकोर ठेवा, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. 'नवीन नवीन' मोडीत काढा.

---

शेंगाचटणी

मी तर एनएफओच्या भानगडीतच पडले नाही. ओव्या-कीर्तनांना लायब्ररी हवीच कशाला? फोल्डर म्हणून उघडायचं, नाव वाचायचं, लावायचं. आजीने कधी पोस्टर मागितलं नाही.

---

पूर्वभाग_पद्मा

फाइलची नावं देवनागरीत ठेवणार असाल तर आधी एक बघा. कोडीच्या मूळ फॉन्टमध्ये आपली अक्षरं न सापडता नुसते चौकोन येतात असं माझ्याकडे झालं होतं. सेटिंगमध्ये स्किनचा, म्हणजे कोडीच्या बाहेरच्या रूपाचा, फॉन्ट बदलून 'एरियल' केला. सबटायटलसाठी मुक्त फॉन्टची फाइल कोडीच्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली आणि तोच निवडला. जोडाक्षरं नीट जुळतात का ते 'ज्ञानेश्वर' लिहून तपासा. तेवढं पास झालं की बाकी सगळं पास.

---

जुनाट

दूरदर्शनच्या रेकॉर्डिंगबद्दल थोडं. ती पाल या जुन्या टीव्ही पद्धतीतली, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत विणलेली. आजच्या टीव्हीवर तशीच लावली तर नट हलला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. फाइल चालू असताना व्हिडिओच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस चालू करा आणि ते सगळ्या फाइलींना लागू करा. आणि सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) जुळवण्याचा पर्याय आहे तो लावा, म्हणजे या नाटकांना टीव्ही ५० हर्ट्झवर जाईल आणि सिनेमांना २४ वर. एकदा हे केलं की ताना घेताना गायकाचं डोकं झटके देत नाही, सरळ हलतं.

---

लोखंडीपत्रा

अडखळण्याचं बघू. चालू फाइलवर कीबोर्डचं 'ओ' दाबा, डीकोडरच्या नावापुढे हार्डवेअरची खूण येते का? येत असेल तर मला गरमीचा संशय आहे. सिस्टमच्या माहितीत प्रोसेसरचं तापमान दिसतं, अडखळताना वाचून सांगा. पंखा साफ केला होता का? ऑफिसातला डबा म्हणजे आत गादी भरेल एवढी धूळ.

---

हुतात्मा_स्लीपर

सोलापुरात मे महिन्यात ४३-४४ होतं, तिथे माणूसच अडखळतो.

---

होटगीरोडकर (धागाकर्ता)

हार्डवेअरची खूण येते. धूळ मीच फुंकरून काढली होती, पंखाही फिरतो.

तापमान मात्र ९६!

मागे जाऊन बघितलं तर सीपीयूवर चादर. डबल, विणलेली, अस्सल आपली चादर, चारही बाजूंनी व्यवस्थित खोचलेली. अण्णा रोज सिनेमा सुरू झाला की उठून घालायचे. का, तर "चालू मशीनवर धूळ बसते, आणि त्या पंख्याचा आवाजही येतो." सकाळी आई झाडताना काढून ठेवायची, म्हणून सकाळी ठीक.

अण्णांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली. मशीन झाकून ठेवायचं, हे त्यांच्या हाडात आहे.

---

बाळीवेस_बाबूराव

😂😂😂 अरे बे! सगळ्या जगात सोलापूरची चादर जाते, पण कोडीवर पहिल्यांदाच गेली!

---

फायबरग्रस्त

चादरीला भौगोलिक मानांकन आहे, सीपीयूला नाही. अण्णांचं बरोबर आहे.

---

लोखंडीपत्रा

माझा प्रतिसाद फुकट गेला नाही याचं समाधान. अण्णांना सांगा, यंत्रमाग रात्री बंद झाल्यावर झाकायचा, चालू असताना नाही. त्यांच्या भाषेत सांगितलं की पटेल. आणि पंख्याचा आवाज खरंच जास्त असेल तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला, वाळून खडू झालेली असेल.

---

शेंगाचटणी

रिमोटचं काय ठरलं? खरी परीक्षा तिथे आहे. टीव्हीच्याच रिमोटने सगळं चालवायचं तर सीईसी लागतं, आणि साध्या सीपीयूच्या एचडीएमआयला ते सहसा नसतं. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला असतं, म्हणून माझा भाऊ त्याच्या प्रेमात आहे.

---

तंतूवाद्य

फ्लर्क नावाचं यूएसबीचं बोटभर यंत्र मिळतं. घरातला कुठलाही पडून असलेला रिमोट त्याला शिकवायचा, सीपीयूला वाटतं कीबोर्डच आहे. जुन्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट बेस्ट, बटणं मोठी असतात. आणि कोडीच्या मुख्य पडद्यावरचे नको ते सगळे पर्याय स्किनच्या सेटिंगमधून बंद करा. हवामान, रेडिओ, गेम, काही नको. अण्णांची आवडती नाटकं 'फेवरिट्स'मध्ये टाका आणि तेवढंच ठेवा.

वायरलेस माउसवाला रिमोट अजिबात घेऊ नका, हातात नुसता हलवला की पडद्यावर माशी फिरते.

---

घाईघाईत

धागा पूर्ण वाचला नाही. पण कोडीवर सगळे नवे सिनेमे आणि चॅनेल फुकट दिसतात म्हणे? त्याची लिंक द्या ना कोणीतरी.

---

जुनाट

पूर्ण वाचा. कोडी रिकामं येतं, त्यात कोणतेही सिनेमे नसतात. चोरीचे अॅड-ऑन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) बाहेरचे लोक करतात आणि कोडीवाले स्वतः त्यांना मदत देत नाहीत. इथेही लिंक मिळणार नाही.

फुकट आणि रीतसर हवं असेल तर छतावर छत्री लावा. दूरदर्शनचं फ्रीडिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. सीपीयूत छत्रीचा सिग्नल घेणारं डीव्हीबी-एस२ कार्ड, लिबरइलेकमध्ये चॅनेलं लावून देणारं टीव्हीहेडएंडचं अॅड-ऑन, आणि एमपेग-२ या जुन्या पद्धतीतली चॅनेलं कोडीच्याच यादीत येतात. मी सह्याद्रीवरचे कार्यक्रम रेकॉर्डिंगला लावून झोपतो. छत्री फिरवायला मात्र दोन माणसं हवीत, एक गच्चीवर आणि एक खाली "आलं… गेलं… आलं" ओरडायला.

---

पूर्वभाग_पद्मा

आणि पैसे भरून घेतलेलं ओटीटी कोडीतून बघायचा हट्ट करू नका. लिनक्सवर त्यांची कुलपं नीट उघडत नाहीत, चित्र कमी प्रतीचं येतं. त्यासाठी टीव्हीतलंच अॅप वापरावं. मुलगा ते आधीच करत असेल.

---

होटगीरोडकर (धागाकर्ता)

मुलगा तेच करतोय, बरोबर.

विजेबद्दल कोणी सांगेल का? काल दोनदा गेली. इन्व्हर्टर आहे, तरी सीपीयू बंद पडून तसाच राहतो. अण्णा मला ऑफिसात फोन करतात.

---

लोखंडीपत्रा

इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा खटका असतो, तो लावा. साध्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात सीपीयू मरतो. आणि बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तोही लावा. एवढं करूनही गेलाच, तर नाटक जिथे थांबलं ती जागा कोडी विसरतो, कारण ती नोंद फाइल नीट थांबवल्यावर होते. अण्णांना अंक लक्षात असेलच.

---

फायबरग्रस्त

आता मूळ प्रश्नाकडे. मी अजूनही जेलीफिनच म्हणतो. आज एक टीव्ही आहे, उद्या आतल्या खोलीत दुसरा येईल, मग कोडीचं सगळं पुन्हा मांडा. दोन कोडींना एक लायब्ररी द्यायची तर डेटाबेस वेगळा बसवावा लागतो, ते घरच्या माणसाचं काम नाही.

---

तंतूवाद्य

उद्याचं उद्या. जेलीफिन नंतर त्याच हार्डडिस्कवर बसवता येतं, आणि कोडीत त्याचं अॅड-ऑनही आहे. एनएफओ लिहून ठेवल्या असतील तर जेलीफिन त्याही वाचतं. कष्ट वाया जात नाहीत.

---

होटगीरोडकर (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी अपडेट.

लिबरइलेक आणि कोडीवरच थांबलो. एनएफओ ४० झाल्या, बाकी शेंगाचटणीताईंच्या पद्धतीने नुसते फोल्डर. फ्लर्कला डीव्हीडीचा जुना रिमोट शिकवला. अण्णा त्याची चारच बटणं वापरतात, बाकीच्यांवर त्यांनी चिकटपट्टी लावून टाकलीय. चादर आता सीपीयू बंद केल्यावरच चढते, त्यासाठी तो रोज रात्री नीट बंद होतो, त्यामुळे विजेचा हिशोबही आपोआप सुटला.

रिफ्रेश रेटचं केल्यावर अण्णा पहिल्यांदा काहीतरी बोलले : "आता हा माणूस श्वास कुठे घेतो ते दिसतं." जुनाट, हे तुमच्यासाठी.

आता त्यांनी माळ्यावरून आणखी एक पेटी काढलीय. तेवीस व्हीएचएस कॅसेट. आमचा व्हीसीआर कधीच गेला. चालू स्थितीतला कोणाकडे आहे का? आठ दिवसांत परत करतो.

---

बाळीवेस_बाबूराव

हाय की माझ्याकडं. पण हेड साफ करून घ्यावं लागल, आणि येताना शेंगाचटणी आणा. ताई नव्हं, खायची.